उलट उत्तर देणारी दांडी

सामानाच्या बॅगा मोजायचा छोटा हातकाटा आमच्या घरी आला तो खऱ्या विमानप्रवासासाठी. गेल्या दिवाळीत मी त्याचा आकडा घरच्या विमान-सिम्युलेटरच्या जॉयस्टिकच्या मुठीला अडकवला आणि हळूहळू मागे ओढायला लागलो. दांडी पूर्ण मागे आली तेव्हा काट्यावर साडेसहाशे ग्रॅम दिसत होते. बायको दारात उभी राहून बघत होती.

“साडेसहाशे,” मी तिला सांगितलं.

“काय भावाने?” ती म्हणाली आणि आत गेली.

माझी तक्रार साडेसहाशेबद्दल नव्हती. ते कायम साडेसहाशेच असतात, याबद्दल होती. पडद्यावरचं विमान लोहगावच्या धावपट्टीवर इंजिन बंद करून उभं असलं तरी तेवढेच, आणि सिंहगडावरून नाक खाली करून सुसाट सुटलं असलं तरी तेवढेच. दांडीच्या बुडाशी एक स्प्रिंग आहे. तिला विमान माहीत नाही, वेग माहीत नाही, हवा तर नाहीच नाही. दांडी मधोमध आणून ठेवायची एवढंच तिला येतं, आणि ते ती रात्रपाळीच्या वॉचमनसारखं इमाने इतबारे करत राहते.

मुलगी लहान होती तेव्हा आम्ही तिला दिवसातून चारदा बजावायचो, उलट उत्तर देऊ नकोस. आणि पन्नाशी उलटल्यावर मी दोन वर्षं अशी वस्तू शोधत हिंडलो, जिच्यात पैसे मोजण्यासारखा गुण एकच, ती उलट उत्तर देते. फोर्स फीडबॅक जॉयस्टिक. याला मराठी प्रतिशब्द काढायला बसलं तर ‘बलप्रतिसाद’ असलं काहीतरी निघेल आणि ते पाठ्यपुस्तकातच राहील, म्हणून आहे ते नाव चालू द्या. आत स्प्रिंगच्या जागी दोन मोटरी असतात, एक पुढे-मागे आणि एक डावी-उजवीकडे. संगणकातलं विमान ज्या अवस्थेत असेल तसा या मोटरी हाताला विरोध करतात, ओढतात, थरथरतात, नाहीतर चक्क ढिल्या पडतात.

बाबा नागपूरचे. संक्रांतीला आम्ही महालात आत्याकडे जायचो. गच्चीवर चक्री धरायचं काम माझं, पतंग बाबांचा. पतंग इतका लांब गेलेला असायचा की निळ्यावर नुसता ठिपका दिसे, तोही मान वळवली की हरवे. पण बाबा वर फारसं बघायचेच नाहीत. मांजा तर्जनीवरून सोडलेला आणि त्या एका बोटाकडे सगळं लक्ष. बोटाला काहीतरी कळायचं, ते म्हणायचे “ढील”, मी चक्री सैल सोडायचो, आणि मग दोन क्षणांनी वरचा ठिपका गोता खाऊन सावरताना दिसायचा. बातमी आधी बोटाला, मग डोळ्याला. दुसऱ्या दिवशी त्या बोटाला हळद लावून बसायचे, तो भाग वेगळा.

मांज्याची ही गोष्ट मला पुन्हा आठवली ती हडपसरला. पुण्यात वाढलेल्यांना तिथलं ग्लायडिंग सेंटर ठाऊक असतं. केंद्र सरकारचं आहे आणि तेव्हा परवडेल अशा पैशात सामान्य माणसालाही एक फेरी मारून आणायचे. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. लेक्चरला दांडी मारून आम्ही तिघं सायकलवर गेलो आणि तीन तास उन्हात बसल्यावर माझा नंबर आला. ग्लायडरला इंजिन नाही. मैदानाच्या पार त्या टोकाला विंच असते, ती तारेचा दोर गुंडाळायला लागते आणि ग्लायडर पतंगासारखंच वर चढतं. पाठ सीटला चिकटलेली, समोर फक्त आकाश. मग एक ‘खट्’. दोर सुटला. त्यानंतरची शांतता मी अजून विसरलेलो नाही. पूर्ण शांतता नव्हे, काचेवरून जाणाऱ्या हवेचा सर्र आवाज तेवढा चालू.

मागच्या सीटवरून सर म्हणाले, “धर आता. मुठीत नाही. पेन धरतोस तशी धर.”

धरली. त्यांनी मागून नाक हळूहळू वर न्यायला लावलं. हवेचा आवाज कमी कमी होत गेला आणि माझ्या बोटांतली दांडी मऊ पडली. मऊ म्हणजे, डावीकडे केली तरी कुणाला काही पडलेलंच नाही, अशी. सर म्हणाले, “बघ, तिच्यात जीव नाही आता.” मग नाक खाली, आवाज वाढला, आणि दांडी एकदम ताठ झाली, बोटभर हलवली तरी अख्खं ग्लायडर लगेच ऐकायला लागलं. वेग दाखवणारी तबकडी समोर होती, पण माझं तिच्याकडे लक्षच नव्हतं. वेग हातात कळत होता. सगळी मजा सात-आठ मिनिटांची. खाली उतरून आम्ही उसाचा रस प्यायलो आणि तिघंही फारसं बोललो नाही.

त्या सात-आठ मिनिटांमागचं शास्त्र मी नंतर वाचलं. ग्लायडरमध्ये किंवा सेस्ना १७२ सारख्या छोट्या विमानात वैमानिकाच्या हातातली दांडी किंवा चाक तारांनी, कप्प्यांनी, दांड्यांनी थेट पंखावरच्या आणि शेपटावरच्या हलत्या फळ्यांना जोडलेलं असतं. मधे कुणी दलाल नाही. फळी वाऱ्यात उघडली की वारा तिला परत ढकलतो, तो धक्का तसाच्या तसा तारेतून हातात येतो. आणि हा धक्का वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. उतरताना ६० नॉटला जी फळी हळूच ढकलते, तीच १२० नॉटला चौपट जोराने हात झिडकारते. वरून प्रोपेलरचा झोत, हवेतले खड्डे, स्टॉलच्या, म्हणजे वेग फार उतरून पंखांचा आधार सुटण्याच्या, आधीची शेपटीची थरथर, हे सगळं त्याच तारेतून. वैमानिक वेग नुसता वाचत नाही, तो वेग धरून बसलेला असतो.

बाबांच्या मारुती ८०० ला पॉवर स्टिअरिंग नव्हतं. कात्रज उतरताना वळणावर खडी पसरलेली असली तर ते ब्रेकवर पाय ठेवून आधीच म्हणायचे, “घसरतंय.” आमची आताची गाडी एका बोटाने वळते. खडी आहे की लोणी, काही पत्ता लागत नाही. सोय झाली हे खरं, मी काही रडत नाही त्याबद्दल.

पण घरच्या सिम्युलेटरमध्ये माझी खरी अडचण झाली ती ट्रिममुळे, म्हणजे हातावरचं ओझं उतरवायच्या सोयीमुळे. ही गोष्ट जरा सावकाश सांगतो, कारण फोर्स फीडबॅक घ्यावी की नाही याचं अर्धं उत्तर इथे आहे. समजा खऱ्या विमानात तुम्ही वेग कमी केला, नाक खाली जायला लागलं, म्हणून दांडी मागे ओढून धरलीत. हातावर दोन किलोचं ओझं आलं. आता तुम्ही ट्रिमचं चाक फिरवता. हात जागेवरच. चाक फिरतं तसं ओझं दीड किलो, एक, अर्धा, आणि मग काहीच नाही. बोटं सोडली तरी दांडी तिथेच आणि विमानही तसंच. ओझं उतरलं.

स्प्रिंगच्या जॉयस्टिकवर हे करून बघा. हातावरचं ओझं विमानाचं नाही, स्प्रिंगचं आहे. तुम्ही ट्रिम फिरवलंत की ओझं तसंच राहतं आणि विमानाचं नाक मात्र वर जायला लागतं. म्हणजे ट्रिम जेवढं फिरेल तेवढीच दांडी हाताने मधोमध आणायची, आणि दोन्हीचा मेळ डोळ्यांनी, पडद्याकडे बघत घालायचा. मी वर्षानुवर्षं हेच केलं. नाक वर, नाक खाली, पुन्हा वर, बोटीत बसल्यासारखं. मला वाटायचं मला विमान उडवता येत नाही. ते काही अंशी खरंही असेल. पण हात जागेवर ठेवून ओझं उतरवणं ही मूळ कृतीच माझ्या टेबलावर करता येत नव्हती, हे कळायला फार वेळ गेला.

हेलिकॉप्टरवाल्यांचे तर याहून हाल. ह्यूई हेलिकॉप्टरला फोर्स ट्रिम असतं. बटण दाबलं की चुंबकाचा ब्रेक सुटतो, दांडी हवी तिथे न्यायची, बटण सोडलं की ती तिथेच धरून ठेवली जाते. स्प्रिंगची दांडी बटण सोडल्यावर धावत मधोमध परत येते, आणि सिम्युलेटरला तेवढा वेळ तिच्याकडे कानाडोळा करायला सांगावं लागतं. मोटरीच्या दांडीला हे सांगावं लागत नाही. ‘इथे थांब’ म्हटलं की ती थांबते. घरी बसून हेलिकॉप्टर उडवणारे लोक या दांडीसाठी सर्वांत आधी खिशात हात घालतात ते उगाच नाही.

आता ही वस्तू इतकी चांगली, तर दुकानात का नाही? एकेकाळी होती. १९९६ साली सीएच प्रॉडक्ट्सने फोर्स एफएक्स नावाची दांडी काढली, घरच्या संगणकासाठी आलेली ही पहिली. आतलं तंत्र इमर्शन या कॅलिफोर्नियातल्या कंपनीचं, जी लुई रोझेनबर्ग यांनी १९९३ मध्ये सुरू केली होती. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टची साइडवाइंडर फोर्स फीडबॅक प्रो आली आणि त्याच वर्षी डायरेक्टएक्स ५ या विंडोजवरच्या खेळांसाठीच्या सॉफ्टवेअरमधून खेळ लिहिणाऱ्यांना दांडीशी बोलायची एक भाषा मिळाली. सलग जोर, स्प्रिंग, घर्षण, थरथर, अशी मोजकी क्रियापदं. विंडोजवर आजही बरेचसे खेळ याच भाषेत बोलतात. मग यूएसबीवाली साइडवाइंडर फोर्स फीडबॅक २ आली, लॉजिटेकच्या विंगमन फोर्स आल्या, काही वर्षं बरी गेली. मग सगळं बंद.

पेटंटांनी मारलं, असं सर्रास म्हणतात. २००२ मध्ये इमर्शनने सोनी आणि मायक्रोसॉफ्टवर खटला भरला, तो खरं तर थरथरणाऱ्या गेमपॅडवरून. २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने २.६ कोटी डॉलर देऊन मिटवलं, सोनी २००७ पर्यंत भांडत बसली. साइडवाइंडर दांड्याही २००३ लाच थांबल्या, त्यामुळे दोन आणि दोन चार वाटतात. मला हे अर्धंच पटतं. त्याच पेटंटांच्या सावलीत गाड्यांची फोर्स फीडबॅक स्टिअरिंगं मजेत वाढली. माझ्या मते विमानांचे खेळच तेव्हा ओसरले होते. गाडी प्रत्येकाला चालवायची असते, दांडी मागणारे आमच्यासारखे मूठभर. लॉजिटेकने २००९ मध्ये जी९४० काढून पाहिली, नंतर त्यांनीही नाद सोडला. स्वित्झर्लंडच्या ब्रुनरसारखे एखाद-दुसरे उरले, पण त्यांची किंमत प्रशिक्षण संस्थांना झेपेल अशी. तब्बल दहा-बारा वर्षं जुन्या दांड्यांवरच लोकांनी दिवस काढले. पन्हाळ्याला वेढा पडावा तशी शिबंदी, आणि रसद फक्त सेकंडहँड बाजारातून.

गेल्या काही वर्षांत वेढा उठला. युरोपातून व्हीपीफोर्स ऱ्हायनो आली, आधी स्वतः जोडायच्या सुट्या भागांतून, मग तयार. चीनच्या मोझाने एबी९ काढली. आत ब्रशलेस मोटरी, त्यामुळे जोर भरपूर आणि हालचाल गुळगुळीत. जुन्या पिढीतल्या दांड्यांमध्ये गिअरचे दाते बोटांना मोजता यायचे, तसं इथे नाही.

इथे मी अडकलो. दोन वर्षं अडकलो.

कारण पहिला प्रश्न, कुठली घ्यायची, हा नाहीच. पहिला प्रश्न आहे, उडवणार काय. आमच्या डोक्यावरून इंडिगोची ए३२० रोज उतरते. तिची साइडस्टिक, म्हणजे वैमानिकाच्या बाजूला असलेली छोटी दांडी, ही निव्वळ स्प्रिंग. मधे संगणक आहेत, फळ्या हायड्रॉलिकने हलतात, वारा वैमानिकाच्या हातापर्यंत पोचतच नाही. दोन वैमानिकांच्या दोन दांड्या एकमेकींशीही जोडलेल्या नाहीत, एकीने काय केलं ते दुसरीला कळत नाही. २००९ साली एअर फ्रान्स ४४७ अटलांटिकमध्ये कोसळल्यानंतर या मुद्द्यावर बरंच बोललं गेलं, आणि गल्फस्ट्रीम जी५०० सारख्या विमानांत आता परस्परांशी जोडलेल्या, उत्तर देणाऱ्या साइडस्टिक बसवतात. पण तुम्हाला घरी बसून पुणे ते दिल्ली ए३२० च न्यायची असेल, तर साधी स्प्रिंगची दांडी अगदी खऱ्यासारखी आहे. हजारो रुपये खर्चून मोटर आणायची आणि मग तिला स्प्रिंगचं सोंग घ्यायला लावायचं, यात शहाणपण नाही. एफ-१६ चं तर विचारूच नका. पहिल्या नमुन्याची दांडी हलतच नव्हती, ती फक्त हाताचा दाब मोजायची. नंतर वैमानिकांच्या समाधानापुरती किंचित हलती केली.

मजा जुन्या विमानांत. मेसरश्मिट १०९ सुसाट सूर मारायला लागलं की त्याचं एलिव्हेटर, म्हणजे शेपटावरची नाक वर-खाली करणारी फळी, दगडासारखं जड व्हायचं, वैमानिक दोन्ही हातांनी ओढायचे. सुरुवातीच्या स्पिटफायरची कापड मढवलेली एलरॉन, म्हणजे पंखावरच्या विमान कलवणाऱ्या फळ्या, जास्त वेगात अशीच घट्ट व्हायची, म्हणून पुढे त्यांना पत्रा लावला. हे पुस्तकात वाचलं की माहिती असते. हातात आलं की कळतं की समोरचं विमान वळतंय आणि मी वळू शकत नाही.

मला यातलं काय उडवायचं होतं? सेस्ना आणि ग्लायडर. बास. म्हणजे हलका, पण सतत बदलता जोर.

मग किती जोर पुरे? इथे मी काटा बाहेर काढला होता तो प्रसंग येतो. एबी९ चा जोर ९ न्यूटन-मीटर सांगतात. नुसता हा आकडा कळत नाही. मूठ खालच्या बिजागरीपासून २० सेंटिमीटरवर असेल तर हाताशी ४५ न्यूटन येतात, म्हणजे साधारण साडेचार किलो. मधे दहा सेंटिमीटरची नळी घालून दांडी उंच केली, जसं खुर्चीसमोर जमिनीवर बसवणारे करतात, तर तोच जोर तीन किलोवर येतो. दांडी जितकी लांब तितकी हालचाल खऱ्यासारखी, पण जोर तितका पातळ. जाहिरातीत हे कुणी सांगत नाही, पाचवीचं तरफेचं गणित आहे. आणि खऱ्या विमानात किती? छोट्या विमानांसाठीच्या अमेरिकेच्या नियमांत, २०१७ साली ते बदलेपर्यंत, आकडेच दिलेले होते. दांडी पुढे-मागे करायला क्षणभर लागणारा जोर ६० पौंडांच्या वर नको, आणि बराच वेळ धरून ठेवायचा असेल तर १० पौंडांच्या वर नको. ६० पौंड म्हणजे सत्तावीस किलो, ते घरी कुणालाच नकोय. पण १० पौंड म्हणजे साडेचार किलोच. टेबलावरची अशी मोठी मोटर म्हणजे वैमानिकाने तासभर सहन करावं एवढ्या ओझ्याच्या आसपास. हे गणित जुळल्यावर मला उगाचच फार आनंद झाला. सांगायला कुणी नव्हतं. बायको काट्यानंतर या विषयावर बोलत नव्हती.

साडेचार किलोचा झटका टेबलाला कसा मानवेल, हे विचारायला टेबल केलेल्या सुतारमामांना बोलावलं. त्यांनी सनमायकावर तळहात टेकला, एक पाय किंचित उचलून बघितला आणि म्हणाले, “साहेब, हे पोरीच्या अभ्यासाचं टेबल आहे. कंपासपेटी ठेवा.”

किंमत हा वेगळाच अध्याय. मूळ किंमत, त्यावर मूठ वेगळी, कुरियर वेगळं, कस्टम्स वेगळं. घरखर्चाच्या वहीत कुठल्या नावाखाली लिहावा हे कळणार नाही असा आकडा झाला. आणखी एक भानगड म्हणजे सॉफ्टवेअर. दांडी कितीही बोलकी असली तरी खेळाने तिला काही सांगितलं पाहिजे. डीसीएस आणि आयएल-२ हे लढाऊ विमानांचे खेळ स्वतःहून सांगतात. एक्स-प्लेन या सिम्युलेटरला बरीच वर्षं मधे दुभाषी लागायचा. २०२० च्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरला आल्या वेळी ही भाषाच येत नव्हती. बाहेरचा एखादा प्रोग्रॅम विमानाचा वेग, कोन, इंजिनाचे फेरे वाचतो, त्यावरून जोर काढतो आणि दांडीला देतो. बरीचशी जादू त्या दुभाष्यात असते. म्हणून मी कुणी विचारलं तर सांगतो, मोटरीचे न्यूटन-मीटर दुसऱ्यांदा बघा, आधी तुमच्या खेळासाठी दुभाषी कसा आहे ते बघा. अजून कुणी विचारलेलं नाही.

शेवटी भाच्याला फोन केला. तो न्यू जर्सीत असतो. तिथे जुन्या साइडवाइंडर फोर्स फीडबॅक २ अजून लोकांच्या माळ्यावरून निघतात.

“मामा, ही माझ्याच वयाची असेल,” तो म्हणाला. “नवीन नाही का मिळत?”

“मिळते. तू आण ही.”

त्याने ती दोन स्वेटरांत गुंडाळून आणली. बुड चांगलंच जड आहे. निघताना बॅग काट्यावर जास्त भरली म्हणून चॉकलेटची दोन मोठी पाकिटं त्याला काढून ठेवावी लागली. ताई हे मला अजून ऐकवते. मी घाईघाईने अडॅप्टर शोधून प्लग भिंतीत खुपसणार, एवढ्यात खालचा लेबल वाचला. १२० व्होल्ट. या दांडीचा वीजपुरवठा पोटातच असतो, बाहेर बदलता येईल असा ठोकळा नसतो. आपल्या २३० वर लावली असती तर वीस-बावीस वर्षं टिकलेली वस्तू अर्ध्या सेकंदात माझ्या हातून गेली असती. घाम आला. दुसऱ्या दिवशी तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या दुकानात.

“स्टेप-डाऊन हवाय. २३० चे ११०.”

“काय चालवायचंय? मिक्सर?” दुकानदाराने विचारलं. अमेरिकेहून मिक्सर घेऊन आलेले लोक तिथे बरेच येत असावेत.

“विमान,” मी म्हणालो.

“किती वॅट?”

त्याने मान वरसुद्धा केली नाही. खास पुणेरी दुकानदार.

ट्रान्सफॉर्मर चालू केला की बारीक गुंगुं आवाज येतो, मला तो आवडायला लागलाय. दांडीच्या मुठीत एक डोळा आहे, हात दिसला की मोटरी जोर लावतात, हात काढला की दांडी लुळी पडते. सोय म्हणून ठीक, पण ट्रिम करून बोटं अलगद उचलायची तर नेमका तेव्हाच सगळा जोर जातो. उपाय जगभर एकच, त्या डोळ्यावर चिकटपट्टी. मी काळी इन्सुलेशन टेप लावली.

पहिल्या रात्री सेस्ना घेतली. इंजिन बंद, जमिनीवर उभी. दांडी सैल. डावीकडे टाकली तर डावीकडेच पडून राहिली. कुणी नवीन माणसाने बघितलं तर म्हणेल बिघडली. मी मात्र खूश, कारण वारा नसताना फळीला कोण ढकलणार? मग धावपट्टीवर वेग घेत गेलो तशी ती हळूहळू उठून उभी राहिली. झोपलेल्या माणसाला जाग यावी तशी. ४० नॉटला कुठे तिने पहिल्यांदा बोटांना ढकललं. वर जाऊन इंजिन बारीक केलं, नाक वर धरलं, वेग उतरत गेला, आणि दांडी मऊ पडली. हडपसरसारखी? नाही. खोटं कशाला बोलू. मोटरी तेवढ्या नाजूक नाहीत, आणि पाठीमागे सर नव्हते. पण मी वेगाच्या तबकडीकडे बघत नव्हतो, हे मला दहा मिनिटांनी लक्षात आलं.

नवीनचा विचार सुटलेला नाही. सुतारमामांचा नंबर जपून ठेवलाय.

गेल्या रविवारी दुपारी बाबा खोलीत आले. ब्याऐंशीचे आहेत, हल्ली माझ्याकडेच असतात. मी म्हटलं, बसा. सेस्ना हवेत होती, मी मुद्दाम ट्रिम बिघडवून ठेवलं होतं. त्यांनी दांडी धरली आणि भुवया वर गेल्या.

“काहून ओढून राहिलं बे हे?”

“नाक जड आहे बाबा. अंगठ्याखाली ते बटण आहे ना, ते मागे दाबा. थोडं थोडं.”

त्यांनी एकदा दाबलं. थांबले. पुन्हा एकदा.

“म्हणजे ढील देऊन राहिलो, असं सांग ना.”

टक. थांबले. टक. त्यांचा हात हल्ली कापतो, तो दांडीवर कमी कापत होता की मलाच तसं वाटलं, माहीत नाही. ते एकेक बोट उचलत गेले. करंगळी, अनामिका, मधलं. शेवटी फक्त तर्जनी दांडीला टेकवून बसले, त्या बोटाकडे बघत. पडद्यावर काय चाललंय ते त्यांनी अजून बघितलंच नव्हतं.